ग्लायडरला इंजिन नसतं, साहेब

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात सातव्या पानावर ग्लायडर उतरताना पायलट गेल्याची बातमी वाचली. काल दिवसभर ती डोक्यातून गेली नाही म्हणून आज लिहायला बसलो. मथळा 'इंजिन बंद पडल्याने ग्लायडर कोसळले' आणि त्याच बातमीत खाली लिहिलंय की विंचने, म्हणजे जमिनीवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, ओढून वर सोडलं होतं. अहो, इंजिन नसतं म्हणूनच तर विंचला दोर लावून ओढावं लागतं. शेजारी फोटो प्रवासी विमानाचा, आणि शेवटचं वाक्य 'हौस जिवावर बेतली'. हे वाक्य मला लई लागलं. त्याच्या घरच्यांनी पण ते वाचलं असेल.

मी 1988 ला पुण्यात शिकायला होतो तेव्हा ग्लायडिंग शिकलो. आमच्या इकडं उन्हाळ्यात काळं रान तापलं की वावटळ उठते आणि जिनिंगच्या पत्र्यावर घारी पंख न हलवता गोल गोल वर चढतात, त्याच गरम हवेवर ग्लायडर वर जातं. वर जाणं सोपंय. अवघड आहे ते उतरणं, कारण साध्या विमानासारखं जमलं नाही म्हणून इंजिनाचा जोर देऊन परत एक फेरी मारता येत नाही, जी उंची हातात आहे तेवढ्यातच बसवावं लागतं.

एक दिवस मी फायनलवर, म्हणजे उतरायच्या आधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर आलो, मागच्या सीटवर शिकवणारे सर. समोरून वारा जोराचा, ग्लायडर पुढं सरकेच ना, खाली ज्वारीचं रान आणि रनवे अजून लांब. एअरब्रेक, म्हणजे पंखावरच्या फळ्या ज्या उघडल्या की ग्लायडर लवकर खाली येतं, त्या कधीच बंद केल्या होत्या तरी वाटलं पोचत नाही, आणि हात आपोआप स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करायचा दांडा, मागं ओढायला लागला. नाक वर आलं. कानाशी वाऱ्याचा सूं सूं आवाज चालू असतो तो बारीक झाला आणि स्टिक हातात ढिली पडली, खुंटीवरच्या सदऱ्यासारखी. मला तेव्हा काही कळलं पण नाही. सरांनी मागून स्टिक पुढं ढकलली, रान एकदम डोळ्यासमोर आलं, आवाज परत आला आणि आम्ही रनवेच्या अलीकडंच धसकटात उतरलो. धसकटं पोटाखाली खर्रकन घासत गेली ती मला आजही ऐकू येतात. सर रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "शेतात उतरलं तर दोर लावून ओढून आणू. वेग गेला तर काय आणणार?"

तुमच्या बातमीतल्या पायलटचं नेमकं काय झालं ते चौकशीत कळेल, मी सांगणारा कोण. पण उतरताना ग्लायडर पडतं ते बहुतेक असंच, नाक वर ओढून वेग गेला की हवा पंख पेलून धरत नाही, आणि वळताना झालं तर एक पंख आधी पडून गिरकी बसते, शंभर मीटरवर त्यातून बाहेर यायला जागाच नसते. 1896 ला जर्मनीत ओटो लिलिएन्थाल, ग्लायडर उडवणाऱ्या अगदी पहिल्या माणसांपैकी एक, असाच नाक वर जाऊन वेग संपून साधारण 15 मीटरवरून पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. चांगल्या शिकलेल्या माणसाचा पण हात चुकतो, त्याला हौस म्हणायचं का? हडपसरला सरकारी ग्लायडिंग सेंटर आहे, बातमी लावायच्या आधी तिथं एक फोन केला असता तर कोणीही सांगितलं असतं.

आणि आता लिहितोच आहे तर हेही. एप्रिलमध्ये तुम्ही औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरच्या विमान अपघाताची आठवण छापली त्यात 'उतरताना' लिहिलं होतं. 26 एप्रिल 1993 ला ते विमान उतरत नव्हतं, उड्डाण घेत होतं, रनवेच्या टोकाच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं, 55 माणसं गेली. मराठवाड्यातल्या पेपरला हे तरी माहीत पाहिजे. तेव्हा पण मी कार्ड टाकलं होतं, काही झालं नाही.

दुरुस्ती छापणार असाल तर सातव्या पानावरच छापा, मथळा होता तेवढ्याच अक्षरात, आणि हौसेचं ते वाक्य मागं घ्या.

आपला जुना वाचक,
सेलू, जि. परभणी