जात्याची घरघर म्हणजे खरखर नव्हे

महोदय,

जुन्या कॅसेटी घरच्या संगणकात कशा उतरवाव्यात, यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. लेख कामाचा आहे, पण ‘शेवटी नॉईज रिडक्शन फिरवून खरखर काढून टाका’ हे वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे आजीच्या ओव्यांची एक सी-६० कॅसेट आहे, म्हणजे एका बाजूला अर्धा तास. १९८६ साली थोरल्या चुलत्यांनी पहाटे जात्याशेजारी टेप ठेवून भरलेली. चार वर्षांपूर्वी ती एका दुकानात सीडी करायला दिली. ‘एकदम क्लीन केलंय, काका’ म्हणत पोराने सीडी हातात ठेवली. घरी येऊन लावली तर जातंच गायब! आजीचा आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा. ओवीची ओळ जात्याच्या फेऱ्यावर बसलेली असते, वैरण (मूठभर दाणे) घालायला हात उचलला की आजी थांबते, दाणा संपत आला की जातं कोरडं खडखडतं. ते सगळं गेलं. पोराचा तरी काय दोष? ज्या तुकड्यात नुसता ‘गोंगाट’ आहे तो सॉफ्टवेअरला दाखवायचा, की ते तसला आवाज सगळीकडून वजा करतं. एकसारखा चालणारा आवाज पंख्याचा की जात्याचा, हे त्याला कळणार कसं?

मग मीच बसलो. एस. टी.त इलेक्ट्रिशियन होतो, वायरींची भीती नाही. तरी पहिल्याच दिवशी फसलो. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपला जोडली. लॅपटॉपला आता एकच भोक असतं, तिथे आत जाण्याची वाट फक्त माईकची. माईकचा सिग्नल अगदी क्षीण, म्हणून आत तो भरपूर वाढवला जातो. टेपचा दणकट आवाज त्यात सोडला की फाटतोच. शिवाय ती वाट मोनो, डावा-उजवा आवाज वेगळा राहत नाही. मुलाचा अडगळीतला डेस्कटॉप काढला. त्याच्या मागे तीन भोकं : गुलाबी माईकचं, हिरवं स्पीकरचं आणि निळं लाईन-इनचं, म्हणजे टेपसारख्या यंत्राचा दणकट आवाज आत घेण्याचं. टेपची वायर निळ्यातच जायला हवी.

दुसरी फसगत जास्त लाजिरवाणी. ऑडॅसिटी हे आवाज भरायचं सॉफ्टवेअर सुरू केलं, टेपच्या स्पीकरवर आजी ऐकत बसलो, पडद्यावर आवाजाची पातळी दाखवणारी हिरवी पट्टी छान नाचत होती. अर्ध्या तासाने फाईल लावली तर आजी लांब कुठेतरी, आणि जवळ कुकरच्या तीन शिट्ट्या, भंगारवाल्याची आरोळी नि माझा खोकला. निवडीच्या यादीत लाईन-इनऐवजी वेबकॅमचा माईक राहिला होता! पट्टी नाचते म्हणजे काहीतरी आत जातंय एवढंच कळतं, काय जातंय ते कळत नाही. लेखात नेमकं हेच राहिलंय. टेपचा स्पीकर बंद करा, हेडफोन संगणकाच्या हिरव्या भोकात लावा आणि साऊंड कार्डातून, म्हणजे संगणकाच्या आवाज घेणाऱ्या-सोडणाऱ्या भागातून, फिरून आलेलाच आवाज ऐका. ऑडॅसिटीत त्यासाठी सोय आहे, माझ्या आवृत्तीत तिचं नाव सॉफ्टवेअर प्लेथ्रू. तसं ऐकल्यावरच मला मागची ‘गूंऽ’ ऐकू आली. टेप एका खोलीतल्या प्लगवर, संगणक दुसऱ्या. अर्थिंगचा घोळ, पन्नास हर्ट्झची वीज बोलत होती. दोन्ही एकाच बोर्डावर घेतले, गूं गेली. ती नंतर पुसत बसलो असतो तर पुन्हा जात्यावरच घाव.

पट्टी शून्याला टेकू देऊ नका, तिथे आवाज फाटतो; सहा डेसिबल खालीच ठेवा. एमपीथ्री नको, ती आवाजातलं काही गाळते; काही न गाळणारी डब्ल्यूएव्ही फाईल ठेवा. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टीरिओ या मापाने मिनिटाला साधारण दहा एमबी, म्हणजे एक बाजू तीनशेच्या थोडी वर. आजच्या पेनड्राईव्हला हे किरकोळ.

कॅसेटीवर नसलेल्या काही ओव्या आत्याला येतात. तिला माईकपुढे बसवून हौसेने हेडफोन घातला, तर दुसऱ्याच ओळीला थांबून म्हणते, “कोण रं माज्या मागनं म्हनतंय?” संगणक आवाज थोडा साठवून मग सोडतो. ऑडॅसिटीत हा साठा मुळात शंभर मिलिसेकंदांचा धरलेला असतो. तेवढ्यात हवेतला आवाज चौतीस मीटर जातो, म्हणजे आत्या ओसरीत आणि तिचा आवाज चावडीतून! कॅसेट उतरवताना याने काही बिघडत नाही, गाणारा मात्र अडखळतो. ब्लूटूथच्या हेडफोनने तर आणखीच. शेवटी हेडफोन माझ्या कानावर ठेवला नि आत्याला मोकळं सोडलं. स्पीकर मात्र लावायचा नाही, माईकसमोर तो किंचाळतो.

गावोगावच्या वाचनालयांत जुने डेस्कटॉप धूळ खात पडलेत. मागे निळं भोक असेल तर ते भंगारात घालू नका. आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही वाचनालयाने असा एक संगणक आणि चालू टेप दिला, तर जोडणी मी येऊन करीन, वायर माझी. आणि सफाई न केलेली मूळ फाईल आधी वेगळी ठेवा, एवढं तरी त्या लेखाच्या पुढच्या भागात छापावं ही विनंती.

आपला,
एक निवृत्त एस. टी. कर्मचारी, विटा (जि. सांगली)