लिव्हर पोटात, मग सुई मानेत का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लिव्हरच्या आजारांवरचा तुमचा लेख चांगला होता पण बायोप्सी (तपासायला सुईने लिव्हरचा छोटा तुकडा काढणं) एका ओळीत उरकलीत, म्हणून लिहितोय.

आमच्या मेव्हण्यांची बायोप्सी आम्ही जवळून पाहिली होती. सोनोग्राफीवर बघून बरगड्यांमधली जागा बधीर केली, "श्वास सोडा, धरा" म्हणेपर्यंत सुई आत जाऊन बाहेरपण आली, मग काही तास उजव्या कुशीवर पडून राहायचं. त्यामुळे गेल्या वर्षी अण्णांची मानेतून करणार म्हटल्यावर घरात गोंधळच, आत्या म्हणाली लिव्हर पोटात आणि सुई मानेत, ही सगळी बिल वाढवायची कामं. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं. फॉर्म चार पानी, इंग्रजीत. विचारलं तर "सही करा, पेशंट आत घ्यायचाय".

कारण कळलं ते दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये, एका शिकाऊ डॉक्टर मुलीने चहाच्या बिलामागे चित्र काढून सांगितलं तेव्हा. अण्णांच्या पोटात पाणी, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी, ४२ हजार, आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आयएनआर जास्त, १.९. अशा माणसाला बरगडीतून टोचलं तर रक्त पोटात झिरपत राहण्याची भीती. मानेच्या शिरेतून घातलेली नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यातून खाली लिव्हरच्या शिरेत उतरते आणि तुकडा आतूनच घेतात, म्हणजे रक्त आलंच तरी बहुतेक परत शिरेतच जातं. शिवाय लिव्हरमधलं प्रेशर त्याच फेरीत मोजून होतं. पण तुकडे बारीक आणि तुटके येतात म्हणून तीन-चारदा घ्यावे लागतात, अण्णांचे बाटलीत अगदी शेवईच्या चुऱ्यासारखे दिसत होते. बरगडीतून एका दमात दोन-अडीच सेंटीमीटरचा अख्खा धागा मिळू शकतो, आणि तोसुद्धा लिव्हरचा साधारण पन्नास हजारावा भाग! म्हणून तुकड्याच्या लांबीला एवढं महत्त्व.

फायब्रोस्कॅनवर, म्हणजे सुई न टोचता बाहेरून होणाऱ्या तपासणीवर, का भागत नाही हेही विचारलं. तर त्यात लिव्हर किती कडक झालंय ते कळतं, कशामुळे झालंय ते नाही, आणि पोटात पाणी असेल तर रीडिंगचा भरवसा नाही. आता एंडोस्कोपीतून जठराच्या भिंतीतूनही तुकडा घेतात म्हणे, पण ते सगळीकडे मिळत नाही.

एवढं सांगायला तिला जेमतेम दहा मिनिटं लागली, चहासकट. सहीच्या आधी मराठीत कुणी सांगितलं असतं तर आत्याशी भांडण झालं नसतं. पुढच्या पुरवणीत या पद्धतींवर अर्धं पान द्याच, आणि चित्र नक्की टाका.

आपला,
एक वाचक, सांगली