खोडायचं, पण दिसेल असं

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न.

‘आठवणी’, ‘आठवणी नवीन’, ‘आठवणी आईचे बदल’ आणि ‘आठवणी फायनल २’ या बाबांच्या पुस्तकाच्या सगळ्या फाईली मिळाल्या. त्यातली खरी कोणती, यावरून फोनवर तुमचं जे काही चाललं होतं त्यात मी पडले नाही, कारण दोघांचंही बरोबर होतं. बाबांनी एका फाईलमध्ये नवं प्रकरण घातलं, तोवर आई दुसऱ्याच फाईलमध्ये शुद्धलेखन तपासत बसली होती. ‘फायनल २’मध्ये दोन्हीतलं अर्धंमुर्धं उतरलंय.

वर्डमध्ये ‘रिव्ह्यू’खाली ‘कम्पेअर’ असतं. त्याला मूळ फाईल आणि बदललेली फाईल दाखवली की दोन्हींना हात न लावता ते तिसरी फाईल तयार करतं आणि काय गेलं, काय आलं ते त्यात रंगाने दाखवतं. तुमच्या फाईलींच्या पसाऱ्याचा एवढा तरी उपयोग झाला. आईचे बहुतेक बदल ऱ्हस्व-दीर्घाचे आहेत, ते बाबांनी निमूट घ्यावेत. पण तिसऱ्या प्रकरणातले दोन परिच्छेद अख्खे गायब आहेत. बाबा, तुम्ही आईबद्दल लिहिलेले तेच दोन!

आई, स्वतःचं कौतुक छापून यायला नको, हे तुझं मला कळतं. पण लेखकाला न सांगता मजकूर उडवायचा नसतो. उत्तरपत्रिका तपासताना तू मुलांची उत्तरं खोडरबराने पुसत नव्हतीस, लाल पेनाने खूण करायचीस. इथेही तेवढंच करायचं आहे. कामाला बसलीस की आधी ‘रिव्ह्यू’मधलं ‘ट्रॅक चेंजेस’ चालू कर, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि ई एकत्र दाब. मग तू खोडलेलं नाहीसं होत नाही, त्यावर रेघ येते. नवं लिहिलेलं अधोरेखित होतं. कोणी आणि कधी बदललं तेही त्याला चिकटून राहतं. नव्या वर्डमध्ये ‘फॉर एव्हरीवन’ की ‘जस्ट माइन’ असं विचारतील, तिथे ‘फॉर एव्हरीवन’ निवड, म्हणजे बाबांनी फाईल उघडली तरी नोंद चालूच राहील.

आता तुमच्या घरातली खरी अडचण. तुम्ही दोघं एकाच लॅपटॉपवर, एकाच खात्यातून काम करता. वर्ड प्रत्येक माणसाला वेगळा रंग देतं, पण माणूस ओळखतं ते नावावरून. त्यामुळे सध्या आईची दुरुस्तीही बाबांच्याच नावावर आणि बाबांच्याच रंगात पडेल, आणि पुन्हा ‘हे मी केलंच नाही’ सुरू होईल. ‘फाईल’मधून ‘ऑप्शन्स’मध्ये गेलात की ‘जनरल’खाली ‘यूजर नेम’ दिसेल. आई बसेल तेव्हा तिथे आईचं नाव घालायचं आणि त्याखालच्या चौकटीत टिचकी मारायची, नाहीतर वर्ड आपलं खात्यावरचंच नाव वापरत राहतं. दर वेळी नाव बदलायचा कंटाळा येईल, पण पर्याय नाही.

ज्याबद्दल नुसती शंका आहे तिथे मजकुराला हात लावूच नका. शब्द निवडून ‘न्यू कॉमेंट’ घ्या. ‘हे साल नक्की का?’ हा प्रश्न कडेला शोभतो, वाक्यात घुसवला तर चुकून छापला जाईल. बाबा, उत्तरही त्याच कॉमेंटखाली ‘रिप्लाय’मध्ये लिहा. पाठवायच्या बाणावर टिचकी मारेपर्यंत ती कॉमेंट कच्चीच राहते, एवढं लक्षात असू द्या. मुद्दा मिटला की ‘रिझॉल्व्ह’ करा. कॉमेंट बाजूला सारली जाते, पण मागचं बोलणं पुढे बघता येतं.

‘ॲक्सेप्ट’ आणि ‘रिजेक्ट’ मात्र फक्त बाबांनी करायचं. पुस्तक त्यांचं आहे, शेवटचा शब्दही त्यांचा. बाबा, ‘कम्पेअर’ने केलेल्या तिसऱ्या फाईलमध्ये घाईत ‘ॲक्सेप्ट ऑल’ दाबू नका, ते दोन परिच्छेदही जातील. आधी तिसऱ्या प्रकरणाचं काय ते ठरवा. हवं असेल ते ‘रिजेक्ट’ करून परत मिळवा आणि मग उरलेल्या ऱ्हस्व-दीर्घांवर सरसकट शिक्का मारा.

एक गोष्ट भल्याभल्यांना फसवते. वर ‘ऑल मार्कअप’ (सगळ्या खुणा दाखव), ‘नो मार्कअप’ (खुणा लपव) असे पर्याय दिसतात. ‘नो मार्कअप’ केलं की पान स्वच्छ दिसतं आणि वाटतं, झालं काम. ते फक्त नजरेआड होतं. दुसऱ्याने फाईल उघडून ‘ऑल मार्कअप’ केलं की तुमचा सगळा वाद त्याच्यासमोर. २००३ साली ब्रिटिश सरकारने इराकबद्दलचा एक अहवाल वर्ड फाईल म्हणूनच इंटरनेटवर ठेवला, आणि ती फाईल कोणाकोणाच्या हातून गेली त्यांची नावं लोकांनी तिच्या आतून शोधून काढली. म्हणून छपाईला देण्याआधी प्रत्येक बदल स्वीकारा किंवा नाकारा, कॉमेंट काढून टाका. मग फाईलची एक प्रत करून त्या प्रतीवर ‘फाईल’खालच्या ‘इन्फो’मधलं ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवा, ते आत लपलेली माहिती शोधून काढून टाकतं. प्रतीवरच का, तर त्याने काढलेलं सगळंच परत आणता येतं असं नाही.

गूगल डॉक्सवर यायचं असेल तर तिथे हेच ‘सजेस्टिंग’ नावाने आहे, आणि फाईल एकच असल्याने ‘फायनल २’ निघणारच नाही. पण बाबांना इंटरनेटशिवाय लिहायची सवय आहे, तेव्हा वर्डच राहू द्या. यापुढे फाईल एका वेळी एकाच्याच हाती, म्हणजे आई तपासत असताना बाबांनी लिहायचं नाही.

दोन परिच्छेदांबद्दल माझं मत विचाराल तर पहिला ठेवावा, दुसरा खरंच लांबलाय. आई, तुझं कारण त्या जागी कॉमेंटमध्ये लिही. बाबा, फोन न करता तिथेच उत्तर द्या. मला दोन्ही वाचायचंय.

तुमची,
लेक

ता. क. बाबा, तुमची जुनी प्रकरणं युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये आहेत. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घेऊ आणि मगच ट्रॅक चेंजेस चालू करू. उलट केलं तर अख्खं प्रकरण खोडून पुन्हा लिहिल्यासारखं दिसेल आणि आईची एकही दुरुस्ती त्यात सापडणार नाही.