उपभोगाची तुलना: दोन देश, दोन मापे

महोदय,

भारत आणि चीन यांच्या उपभोग खर्चाची तुलना करणारे आलेख हल्ली वृत्तपत्रांच्या अर्थपानावर वरचेवर दिसतात. त्यांतल्या पहिल्याच आकड्यात बहुधा घोळ असतो. चीनचा अंतिम उपभोग जीडीपीच्या सुमारे 55 टक्के आणि भारताचा 60 टक्के, असे शेजारी शेजारी छापले जाते. पण चीनच्या 55 मध्ये सरकारचा खर्चही धरलेला असतो आणि भारताचे 60 म्हणजे केवळ खासगी अंतिम उपभोग खर्च. सरकार वगळले तर चीन 40 च्या आसपास उतरतो. मिळवले तर भारत 70 च्या आसपास पोहोचतो. पाचाचे दिसणारे अंतर प्रत्यक्षात त्याच्या तिपटी-चौपटीचे आहे.

वाटा आणि रक्कम यांचीही गल्लत होते. चिनी कुटुंबांच्या खर्चाचा जीडीपीतील वाटा 2000 मध्ये 47 टक्क्यांच्या आसपास होता, 2010 मध्ये तो 35 च्या घरात आला. म्हणून लोकांनी हात आखडता घेतला, असे नव्हे. त्या दशकात खर्च झपाट्याने वाढतच होता. गुंतवणूक त्याहून वेगाने वाढली, एवढेच.

सगळ्यात जास्त दिशाभूल डॉलरमुळे होते. 2010 मध्ये डॉलर सरासरी 46 रुपयांच्या जवळ होता, 2023 मध्ये 82-83 वर गेला. युआन मात्र 6.8 वरून जेमतेम 7.1 झाला. समजा, दोन्हीकडे कुटुंबाचा खर्च आपापल्या चलनात दुप्पट झाला. चिनी कुटुंबाचा खर्च डॉलरमध्येही जवळपास दुप्पट दिसेल, भारतीय कुटुंबाचा 11-12 टक्केच वाढलेला. आपल्याकडे महागाईही जास्त होती, हे खरे. पण यात महागाई किती आणि विनिमय दर किती, हे डॉलरच्या आकड्यावरून कळायला मार्ग नाही.

त्यामुळे वाढ मोजायची तर प्रत्येक देशाची स्थिर (म्हणजे महागाई वगळलेल्या) किमतींवरील दरडोई मालिका त्याच्याच चलनात घ्यावी आणि आरंभवर्ष 100 धरावे. पातळीची तुलना एकाच वर्षापुरती, क्रयशक्ती समतेने, म्हणजे त्याच वस्तू दोन्हीकडे किती पैशांत मिळतात यावरून काढलेल्या दराने करावी. 2017 च्या आंतरराष्ट्रीय किंमत-तुलनेच्या फेरीत बाजारात 65.12 रुपयांना मिळणारा डॉलर या हिशेबाने 20.65 रुपयांचा ठरला. युआनचा दर 6.76 ऐवजी सुमारे 4.2. हे दर संपूर्ण जीडीपीचे आहेत. कुटुंबांच्या खर्चासाठी वेगळा दर निघतो, तोच वापरावा. 2011, 2017 आणि 2021 च्या फेऱ्या एका रेषेने जोडू नयेत. दर फेरीत वस्तूंची यादी आणि पद्धत थोडीफार बदलते, आणि तो बदल आलेखात वाढ किंवा घट म्हणून उमटतो.

घरभाड्याचा प्रश्न याहून किचकट आहे. आपल्या 2023-24 च्या कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षणात दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात 4,122 आणि शहरी भागात 6,996 रुपये आला. त्यात स्वतःच्या घराचे मानीव भाडे (ते घर भाड्याने घेतले असते तर द्यावे लागले असते तेवढी अंदाजी रक्कम) नाही. चीनच्या सर्वेक्षणात 2013 पासून ते धरतात, म्हणून हे आकडे थेट समोरासमोर ठेवता येत नाहीत. चीनच्या राष्ट्रीय लेख्यांत, म्हणजे जीडीपीच्या हिशेबात, शहरी लोकांच्या स्वतःच्या घरांतील निवाऱ्याची किंमत पूर्वी बांधकाम खर्चाच्या घसाऱ्यावरून मोजत. 2024 अखेर ती बाजारभाड्यावर आणली गेली, आणि 2023 चा जीडीपी 2.7 टक्क्यांनी वर सरकला तो काही अंशी त्यामुळेच. मोजण्याची पद्धत अशी बदलली की रेषा तिथे तुटक दाखवावी. भारताबाबत आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमती मोजणीसाठी धरतात ते) बदलते तिथेही हेच करावे.

वर्षांची सांगडही तपासावी लागते. एरवी एप्रिल-मार्च आणि जानेवारी-डिसेंबर यांतला तीन महिन्यांचा फरक चालून जातो, पण करोनाकाळात नाही. चीनमधील टाळेबंदीचा पहिला फटका जानेवारी-मार्च 2020 चा, म्हणजे आपल्या 2019-20 मधला; आपली टाळेबंदी 25 मार्चला सुरू झाली आणि जवळपास पूर्णपणे 2020-21 मध्ये पडली. त्या दोन वर्षांसाठी तिमाही आकडेच घ्यावेत.

आलेखाखाली बारीक अक्षरांत का होईना, खर्च कोणता, किमती चालू की स्थिर, रूपांतराचा दर कोणता आणि आधारवर्ष कोणते, एवढे छापावे, ही विनंती.

– अर्थशास्त्राचा एक अध्यापक, पुणे