मध्ययुगीन चित्रकार अडाणी नव्हते

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीतील प्रबोधनकाळाच्या चित्रकलेवरील लेख वाचला. मध्ययुगीन चित्रकारांना माणूस नीट काढता येत नव्हता, असा त्याचा एकंदर सूर आहे. तो मान्य करता येणार नाही. मध्ययुगीन चित्रात येशू मोठा आणि पायाशी गुडघे टेकलेला दाता, म्हणजे चित्राचा खर्च करणारा माणूस, एवढासा दिसतो, कारण तिथे आकार महत्त्वावरून ठरत असे. मागे सोन्याचा वर्ख असे, कारण ती जागा या जगातली नव्हतीच.

सपाट चित्रात खोलपणा दाखवायची गरज वाटू लागली तेव्हा चौकोनी फरशी ही मोठी डोकेदुखी ठरली. आत जाणाऱ्या रेषा एका बिंदूकडे नेणे सोपे. पण आडव्या रेषा किती अंतरावर घ्यायच्या? काही चित्रकार प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या दोन तृतीयांश घेत. इटालियन वास्तुकार आणि लेखक आल्बेर्तीने 1435 मध्ये ही पद्धत चुकीची ठरवली, कारण पाहणाऱ्याचा डोळा कुठे आहे याचा तिच्यात विचारच नाही. त्याची रीत अशी: चित्रातील माणसाच्या उंचीच्या एक तृतीयांश मापाने तळरेषेचे भाग पाडायचे, त्याच्या डोक्याच्या उंचीवर मध्यबिंदू घ्यायचा आणि सर्व खुणा त्याला जोडायच्या. मग बाजूने वेगळी आकृती काढून पाहणाऱ्याचे चित्रापासूनचे अंतर धरायचे; डोळ्यापासून निघणाऱ्या रेषा चित्राच्या प्रतलाला जिथे छेदतात, त्या उंचीवर आडव्या रेषा येतात. पडताळणीही त्यानेच दिली आहे. अनेक चौकोनांमधून जाणारा कर्ण एका सरळ रेषेत आला पाहिजे. तो वाकला की फरशी चुकली. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला चर्चमधील चित्रकार मासाच्चोच्या ‘ट्रिनिटी’ या भित्तिचित्रात (सुमारे 1427) रेषा मिळण्याचा बिंदू साधारण पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आहे. म्हणूनच ती कमान भिंतीत खोदल्यासारखी भासते.

तैलरंग पंधराव्या शतकातील फ्लेमिश चित्रकार यान व्हान आइकने शोधले, हे लेखातील विधानही बरोबर नाही. तेलात रंग खलण्याची माहिती बाराव्या शतकातील लिखाणात आहे. व्हान आइकचे मोठेपण ते तेल कसे वापरले यात आहे. त्याआधी फळ्यांवरील चित्रांत मुख्यतः टेंपेरा वापरत: पाण्यात खललेली रंगाची पूड आणि साधारण तेवढाच अंड्याचा पिवळा बलक. हा रंग काही मिनिटांत वाळतो, ओल्यात ओला मिसळता येत नाही. त्यामुळे गालाची गोलाई बारीक रेघा शेजारी शेजारी ओढूनच आणावी लागे. इटलीत त्वचेखाली हिरव्या मातीचा थर देत. वरचा गुलाबी झिजल्याने आज ते चेहरे हिरवट दिसतात आणि दोष चित्रकाराच्या माथी येतो!

जवसाचे किंवा अक्रोडाचे तेल मात्र कित्येक दिवस ओले राहते. छटा एकमेकींत विरघळवता येतात, पारदर्शक थर चढवता येतात आणि प्रकाश खालच्या पांढऱ्या अस्तरावरून परत येतो. पथ्य एकच, वरच्या थरात तेल जास्त हवे. उलट केले तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि तडे जातात.

व्हान आइकच्या 1434 च्या, आर्नोल्फिनी नावाच्या जोडप्याच्या चित्रातील खोली इतकी खरी वाटते, तरी तिच्या रेषा एका बिंदूत मिळत नाहीत. तो खरेपणा भूमितीचा नसून प्रकाशाचा आहे: पितळी झुंबरावरची चमक, बहिर्गोल आरशात दिसणारी पाठमोरी जोडी आणि दारातली दोन माणसे.

पुढे हा विषय घ्याल तेव्हा चिमाबुए आणि जोत्तो या मध्ययुगाच्या अखेरच्या इटालियन चित्रकारांची सिंहासनस्थ मेरीची चित्रे शेजारी शेजारी छापावीत. दोन्ही फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात आहेत. वर्ख दोन्हींत आहे. पण जोत्तोच्या मेरीचे गुडघे वस्त्राखालून पुढे आलेले स्पष्ट दिसतात.

आपला,
एक चित्रकला शिक्षक