दळणाचे पैसे

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोन मध्येच तुटला आणि इथल्या छावण्यांतल्या सुदानी निर्वासितांबद्दलचा बाबांचा प्रश्न तसाच राहिला. "त्या लोकांना धान्य मिळतं ना? मग कमी काय पडतं? आम्ही कपडे, चादरी गोळा करून पाठवू का?" हे दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून दवाखान्यातली रात्रीची ड्यूटी संपवून लिहायला बसले आहे.

मी आहे ते आद्रे हे आफ्रिकेतल्या चाड देशाच्या पूर्व टोकाचं गाव. पलीकडे सुदानचा दारफूर हा प्रदेश. 15 एप्रिल 2023 ला सुदानचं सैन्य आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात लढाई जुंपली. तीसेक किलोमीटरवरच्या अल-जनीना शहरातून त्या जूनमध्ये मसालित जमातीचे लोक जीव मुठीत धरून, बरेचसे पायीच, इकडे आले. नंतर लोंढा थांबलाच नाही. तेव्हापासून चाडमध्ये आठ लाखांहून जास्त माणसं आली आणि 2003 पासूनच्या दारफूरच्या लढाईतले चारेक लाख इथे आधीपासून होतेच. छावणीत जन्मलेल्या मुलींना आता छावणीतच मुलं झाली आहेत.

आता धान्याचं. आई, धान्य म्हणजे ज्वारीच, पण अख्खी. दळायची तर गिरणीवाल्याला पैसे द्यायला हवेत. ते नसतात, मग बायका त्यातलीच मापभर ज्वारी गिरणीवर देऊन येतात. थोडी साबणासाठी विकतात, थोडी मिठासाठी. कागदावर महिन्याचं म्हणून लिहिलेलं धान्य महिनाअखेर गाठत नाही. ज्यांनी वाटप आखलं त्यांनी पोती मोजली, दळण मोजलं नाही. मला याचा राग येतो.

पीठ झालं तरी चूल पेटायला हवी. जवळची झाडं केव्हाच संपली. काटक्यांना लांब जावं लागतं, आणि दारफूरमध्ये वीस वर्षं बायकांवर जे अत्याचार झाले त्यातले कितीतरी लाकडं आणायला गेलेल्या बायकांवर झाले. एकीला मी विचारलं, तिकडे असताना घरातले पुरुष का नाही जायचे? ती म्हणाली, "ते गेले तर मारून टाकतात. आम्ही निदान परत येतो." पुढे विचारायला माझी जीभ वळली नाही. मी तिच्या मुलीच्या दंडाला टेप लावली. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असला की लाल रंग येतो, म्हणजे तीव्र कुपोषण. तिचा लालच आला.

पाण्याचंही तसंच. माणशी दिवसाला निदान 15 लिटर हवं, असा अशा ठिकाणचा ठोकताळा आहे. पिणं, रांधणं, धुणं सगळं त्यात. तेवढंही नसलं की काय होतं ते कॉलऱ्याने दाखवलं. 2024 च्या जुलैनंतर तो सुदानभर पसरला आणि पुढच्या वर्षी इकडच्या छावण्यांतही शिरला.

बाबा, तुमच्या वयाचे एक आजोबा मागच्या आठवड्यात आले होते. शाळेत शिकवायचे. बसले आणि उपरण्याच्या गाठीतून एक रिकामं गोळ्यांचं पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. रक्तदाबाच्या गोळ्या. पाकिटाचा चंदेरी कागद घड्या पडून फाटत आलेला, नावातली चार अक्षरं तेवढी शाबूत. घर जळालं, कागदपत्रं गेली, डॉक्टर कुठे आहेत माहीत नाही, तेव्हा हीच त्यांची चिठ्ठी. दीड वर्ष जपलेली. मी रक्तदाब मोजला आणि आकडा त्यांना सांगितला नाही. आणीबाणीची औषधं येतात ती जखमा, मलेरिया, जुलाब यांची. लढाई महिनाभरात संपेल या हिशोबाने भरलेली पेटी असते ती. पण वर्षं उलटली की लोकांना मधुमेह होतो, दम लागतो, बाळंतपणं होतात, डोळ्यांत मोतीबिंदू वाढतो. आजोबांच्या गोळ्या आमच्याकडे होत्या, पण पंधराच दिवसांच्या. सोळाव्या दिवशी ते परत येतील.

मदत पोचवायचीही मोठी पंचाईत. दारफूरकडे ट्रक जायची मोठी वाट इथूनच. 2024 मध्ये फेब्रुवारीपासून सुदान सरकारने ही वाट बंद ठेवली होती. ऑगस्टच्या सुरुवातीला उत्तर दारफूरमधल्या अल-फाशिर शहराजवळच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा कुठे ती उघडली. अल-फाशिरला तर आरएसएफचा वेढाच होता. तिथले लोक शेवटी 'अंबाज' खाऊन राहिले. अंबाज म्हणजे शेंगदाण्याची पेंड, गुरांची. तशातही गल्लीतली पोरंपोरी वर्गणी काढून मोठ्या पातेल्यात शिजवत आणि येईल त्याला वाढत. त्या स्वयंपाकघरांना 'तकाया' म्हणतात. सुदानभर अशी आहेत, आणि बाहेरचा एकही ट्रक पोचत नाही तिथे तीच असतात. पैसे संपले की चूल बंद. 2025 साली संयुक्त राष्ट्रांनी सुदानसाठी सुमारे 4.2 अब्ज डॉलर मागितले, त्यातले निम्मेही आले नाहीत.

म्हणून बाबा, कपडे नकोत. ते इथवर आणण्याच्या खर्चात पुष्कळ जणांचं जेवण होईल. तुमच्या मित्रांना द्यायचंच असेल तर पैसे द्यायला सांगा. साबण, सरपण की गोळ्या, ते ज्याचं त्याला ठरवू दे. कसे पाठवायचे ते रविवारी फोनवर सांगते. आणि कशासाठी म्हणून कुणी विचारलं तर दळणासाठी म्हणून सांगा.

आई, माझं जेवण वेळेवर होतं, काळजी करू नकोस.

तुमची,
धाकटी