पर्यायी नावांशिवाय बंदी लुळी

संपादक महोदय,

संयुक्त राष्ट्रांनी बंदी घातली की दहशतवादी संघटनेचा पैसा आपोआप अडतो, असा समज सर्रास दिसतो. बँकेचा संगणक मात्र फक्त नाव अडवतो, आणि तेही यादीत असेल तरच. लष्कर-ए-तैयबा सुरक्षा परिषदेच्या १२६७ समितीच्या, म्हणजे दहशतवाद्यांवर निर्बंध घालणाऱ्या समितीच्या, यादीत मे २००५ मध्ये आली. त्याच वर्षीच्या भूकंपानंतर तिचेच दुसरे नाव असलेली जमात-उद-दावा पाकिस्तानात मदतछावण्या चालवत उजळ माथ्याने वावरत होती. हे नाव लष्करच्या नोंदीत पर्यायी नाव म्हणून चढले १० डिसेंबर २००८ला, म्हणजे मुंबईत १६६ माणसे गेल्यावर. मग तिचाच आणखी एक मुखवटा, फलाह-ए-इन्सानियत फाउंडेशन, पुढे आले; ते जोडायला मार्च २०१२ उजाडला.

आता काश्मीरमधला लष्करचा नवा मुखवटा ‘द रेझिस्टन्स फ्रंट’. अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये हे नाव लष्करच्याच नोंदीत घातले. संयुक्त राष्ट्रांतही भारताने नव्या नोंदीऐवजी हीच दुरुस्ती लावून धरावी. तिलाही समितीच्या पंधराही सदस्यांची संमती लागते आणि एकाने रोखले तरी प्रकरण लटकते. जैश-ए-मोहम्मदचा म्होरक्या मसूद अझहरची नोंद चीनने मे २०१९ पर्यंत अशीच लटकवली. पण इथे मूळ संघटना आधीच यादीत आहे. दोन्ही एकच आहेत, एवढेच सिद्ध करायचे उरते.

आपल्याकडच्या नागरी सहकारी बँकांनीही खातेदारांच्या नावांची यादीशी जुळणी नीट करायला हवी. यादी रोमन लिपीत असते आणि एकटे ‘मोहम्मद’ पाच-सहा प्रकारे लिहिले जाते. तंतोतंत स्पेलिंगच शोधले तर खरा माणूस निसटतो. चाळण फार सैल ठेवली तर त्याच नावाचा निरपराध खातेदार अडकतो. म्हणून जन्मतारीख, जन्मस्थळ, पासपोर्ट क्रमांक ताडून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. यादीत पर्यायी नावापुढे ते ‘चांगल्या’ की ‘कमी’ दर्जाचे, असा शेरा असतो. निव्वळ कमी दर्जाच्या नावावरून खाते रोखणे हा अन्यायच.

बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या (यूएपीए) कलम ५१-अ खालील २ फेब्रुवारी २०२१च्या आदेशानुसार, जुळणी आढळल्यास २४ तासांत गृह मंत्रालयाच्या नोडल अधिकाऱ्याला कळवावे लागते. चुकून खाते गोठलेच, तर खातेदाराने पुराव्यासह लेखी अर्ज बँकेतच द्यावा. बँकेने तो दोन कामकाजी दिवसांत पुढे पाठवणे बंधनकारक आहे. ही तरतूद प्रत्येक शाखेच्या फलकावर मराठीत लागली पाहिजे.

– बँकिंग क्षेत्रातील एक वाचक, ठाणे